फुगा सोडायचा कोणी

दुपारी सव्वाबारा वाजता बीडमधल्या एका खासगी दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात जानकीबाईंचा व्हेंटिलेटर काढण्यात आला. घशातली नळी तशीच ठेवली. नळीच्या टोकाला हाताने दाबायचा रबरी फुगा जोडला. पहिल्यांदा तो सिस्टरने दाबला, मग जानकीबाईंची मुलगी राजनंदिनी हिने.

"तुम्ही श्वास घ्याल तेव्हा त्यांना द्या," सिस्टर म्हणाली. "म्हणजे मोजत बसावं लागत नाही. आणि घाई नको. घाबरलं की लोक भराभर दाबत सुटतात."

"आन थांबायचं कवा?" राजनंदिनीने विचारले.

सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिले. डॉ. स्वप्नाली पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून कागदांवर सह्या करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "घरी पोहोचल्यावर बघा," त्या म्हणाल्या.

जानकीबाई अठ्ठावन्न वर्षांच्या. शिरूर कासारच्या पुढे, डोंगराच्या अंगाला त्यांची वस्ती आहे. दिवाळी झाली की नवरा त्रिंबक आणि मुलगा रामेश्वर यांच्यासोबत त्या ऊसतोडीला जात. या वर्षी शेजारच्या जिल्ह्यातल्या फडावर मोळी उचलताना त्या मटकन खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दोन दवाखाने फिरून बीडला आणले तेव्हा त्यांना झटके येत होते. झटके थांबावेत आणि यंत्राशी झगडा होऊ नये म्हणून झोपेची जड औषधे सुरू करावी लागली. तेव्हापासून त्यांनी डोळे उघडले नव्हते.

ती औषधे त्याच दिवशी सकाळी बंद केली होती. मेंदू किती काम करतो हे तपासायचे तर आधी औषधाचा अंमल उतरावा लागतो. त्याला एक दिवस लागतो, कधी दोन, कधी जास्त. डॉ. स्वप्नाली यांनी सकाळी त्रिंबक आणि रामेश्वर यांना तसे सांगितले होते. "उद्यापर्यंत थांबलात तर मला नक्की काही सांगता येईल."

"उद्या जमत न्हाई, मॅडम," रामेश्वर म्हणाला. "आज संध्याकाळी पंचक लागतंय."

पंचकात माणूस गेला तर तो पाच जणांना मागे ओढतो, असे मानतात. त्यावर उतारा म्हणून प्रेताबरोबर कणकेचे पाच पुतळे जाळतात. वस्तीवरचा म्हाळू असाच पंचकात गेला होता. पुतळे जाळले होते. तरी वर्ष फिरायच्या आत त्या घरातून आणखी दोन तिरड्या उठल्या, आणि ही गोष्ट वस्तीवर कोणी विसरलेले नाही.

"पंचक असतं किती दिवस?" डॉक्टरांनी विचारले.

"पाच."

"मग पाच दिवस थांबू."

"आन मधीच काय झालं तर?"

तेव्हा त्रिंबक पहिल्यांदा बोलले. "मॅडम, खरं सांगा. थांबून काई फरक पडंल का?"

"रक्तस्राव मोठा आहे," डॉ. स्वप्नाली म्हणाल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, "माझ्या मते, नाही."

त्या वेळी खाली कॅज्युअल्टीत अंगद नावाचा सिरसाळ्याचा एक तरुण आणलेला होता. अंथरुणात मण्यार चावली होती. पापण्या मिटल्या होत्या, छाती हालेनाशी झाली होती आणि वॉर्डबॉय असाच एक फुगा दाबत त्याच्या उशाशी उभा होता. दवाखान्यात चार व्हेंटिलेटर. चारही चालू. मण्यार चावलेला माणूस यंत्रावर काही दिवस तगला तर बहुधा आपल्या पायांनी घरी जातो. डॉ. स्वप्नाली यांना हे माहीत होते. त्रिंबक यांना उत्तर देताना ते त्यांच्या डोक्यात होते की नव्हते, हे नंतर त्यांचे त्यांनाही सांगता आले नाही.

रुग्णाचे यंत्र काढायचे तर कायद्याने डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. अशा दवाखान्यांत त्या वाटेला सहसा कोणी जात नाही. नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट घरी नेतात, दवाखाना फुगा जोडून देतो. यंत्र थांबवले असे कुठेही लिहिले जात नाही. थांबवायचे काम घरापर्यंत जाते.

जानकीबाईंना घरी न्यायचे हे मात्र पंचकाच्या किती तरी आधी ठरलेले होते. त्यांची धाकटी बहीण फडावरच वारली होती. टेम्पोतून आणली तेव्हा घरात घेतली नाही, बाहेर मेलेल्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. अंगणातूनच पुढे नेली. त्या दिवशी जानकीबाईंनी नवऱ्याकडून शब्द घेतला होता, आणि दर साली घराला कुलूप लावताना त्या त्याची आठवण द्यायच्या. "ध्यानात हाय ना?" त्रिंबक म्हणायचे, "हाय. चल, गाडी निघंल."

अँब्युलन्स रामप्रसाद नावाच्या ड्रायव्हरची होती. गडी बोलका. अशा पेशंटच्या खेपा त्याने बऱ्याच केलेल्या. त्रिंबक यांना त्याने पुढे बसवले, राजनंदिनी आणि रामेश्वर मागे बसले. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर पलंगाला बांधलेला होता.

"ताई, फुगा दवाखान्याचा हाय, परत द्यावा लागतो बरं का," गाडी शहराबाहेर पडल्यावर तो म्हणाला. "मागल्या टायमाला एकानं तसाच ठिवून घेतला. म्या आनायला गेलतो तर लेकरं खेळू लागलीती त्याच्याशी. सिस्टरनं माझी बिनपान्याची केली."

कोणी हसले नाही. रामप्रसादने आरशातून मागे पाहिले आणि आवाज खाली आणला. "अजून एक सांगतो, मामा. आधीच सांगितलेलं बरं. फुगा म्या सोडत नसतो. घरच्यानंच सोडायचा. एकदा केजच्या बाजूला गेलतो. सगळे म्हनले तुमीच सोडा, आमचा हात धजत न्हाई. सोडला. तेराव्याला निरोप आला, ड्रायव्हरनंच मारली म्हनून."

राजनंदिनीचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. "म्हंजी? आपोआप न्हाई थांबत?"

"फुगा दाबताय तवर छाती हालनारच, ताई. आपोआप कशी थांबंल?"

घरी पोहोचले की आईचा जीव जाईल, इतकेच तिघांनी धरून ठेवले होते. तो कोणाच्या तरी हाताने जायचा आहे, हे दवाखान्यात कोणी बोलून दाखवले नव्हते आणि यांनी विचारले नव्हते. रामेश्वर खिडकीबाहेर पाहत राहिला. त्रिंबक यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

अर्धी वाट सरल्यावर राजनंदिनी म्हणाली, "भाऊ, हे बघ. म्या दाबलं न्हाई, तरी ह्याच्या तोंडाशी टिक वाजलं."

"काय वाजलं?"

"ही झडप. म्या दाबल्यावर वाजती ना, तशी."

"ताई, रस्ता कसला हाय बघा तरी," रामप्रसाद पुढून म्हणाला. "गाडीत न वाजनारी वस्तू दाखवा मला."

तिने पुन्हा लक्ष देऊन पाहिले. गाडी एका खड्ड्यात आदळली. पुन्हा झडप वाजली की नाही, ते कळले नाही.

वस्तीवर त्रिंबक यांच्या थोरल्या बहीण वत्सलाबाई वाट पाहत होत्या. त्यांनी आतली खोली सारवून घेतली होती. घोंगडी अंथरली होती, तुळस आणि तांब्या उशाशी ठेवला होता. भावकीतले लोक अंगणात जमले होते. फडावर गेलेली घरे बंद होती, त्यामुळे आलेल्यांत म्हातारीच माणसे जास्त.

"लई येळ लावला," वत्सलाबाई म्हणाल्या. "पाच चाळीसला लागतंय म्हनून फोनवर घसा कोरडा केला म्या. मोहतर काय तुमच्यासाठी थांबतंय व्हय?"

"अजून लई टाइम हाय, आत्या," रामेश्वर म्हणाला. "आत घेऊ दे आधी."

चौघांनी जानकीबाईंना उचलून उंबऱ्याच्या आत घेतले. त्रिंबक यांनी उंबरा ओलांडताना खाली पाहिले, आणि आत आल्यावर भिंतीला टेकून बसले. एवढे झाले होते. शब्द पाळला गेला होता.

राजनंदिनी उशाशी बसून फुगा दाबत होती. वत्सलाबाईंनी बोट बुडवून नळीच्या कडेने ओठांना पाणी लावले, तुळशीचे पान ठेवले. एकेक जण आत येऊन पाय शिवून गेला. नंतर खोलीत करण्यासारखे काही उरले नाही.

"सोड आता, पोरी," वत्सलाबाई म्हणाल्या.

राजनंदिनीने मान हलवली. नाही.

"सासरहून आलीस ती मायला आडवून धरायला का? मोकळी होऊ दे तिला."

"माझ्यानं न्हाई व्हायचं, आत्या."

"त्रिंबका, तू ये मग."

त्रिंबक उठले. दोन पावले आले. राजनंदिनीच्या हातांकडे बघत उभे राहिले आणि परत जाऊन होते तिथेच बसले.

"दे हिकडं," रामेश्वर म्हणाला.

बहिणीने फुगा सोडला, कारण तो दाबत राहील असे तिला वाटले. तो दाबत राहिलाही. एकदा, पुन्हा, पुन्हा. मग त्याने फुगा नळीपासून ओढून काढला आणि मांडीवर ठेवला.

दाराशी उभ्या असलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. जानकीबाईंची छाती खाली बसली होती. वत्सलाबाईंनी हात जोडले. "गेली माझी..."

छाती वर आली.

वत्सलाबाईंचे वाक्य तसेच राहिले. छाती खाली गेली. नळीतून हवा बाहेर पडल्याचा आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला. मग बराच वेळ काही नाही. रामप्रसाद दाराच्या चौकटीला धरून उभा होता, त्याने मान पुढे काढली. छाती पुन्हा वर आली.

"भाऊ, फुगा लाव," राजनंदिनी म्हणाली.

"घरघर लागली हाय ती."

"घरघर अशी नसती. फुगा लाव."

"तू किती मरनं बघितलीस गं?"

"आन तू किती बघितलीस? सोडायची घाई झालीया तुला!"

रामेश्वर जागचा हलला नाही. तिने त्याच्या मांडीवरून फुगा हिसकावला, नळीला बसवला आणि दाबू लागली. एका हाताने दाबत दुसऱ्या हाताने मोबाइल रामप्रसादकडे सरकवला. "मॅडमला लावा. स्पीकर वर ठिवा."

फोन लागला तेव्हा डॉ. स्वप्नाली अंगदच्या पलंगाशी होत्या. जानकीबाईंचे यंत्र आता त्याला लावलेले होते. व्हिडिओ जोडायचा प्रयत्न झाला, पण डोंगराच्या अंगाला रेंज येते आणि जाते. आवाजावरच भागवावे लागणार होते.

"फुगा काढल्यावर श्वास आला, असं म्हणताय?"

"दोनदा आला. सगळ्यांनी बघितलं."

"दोघांत अंतर किती होतं? लगेच आला की थांबून?"

"थांबून. लई थांबून."

"जबडा वाकडा करून, मासा करतो तसा आला का? की साधा, छातीनं?"

"छातीनं. जबड्यात नळी हाय, मॅडम, मला कसं कळनार?"

"बरोबर आहे. एक करा. एखादं पेन घ्या. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाच्या नखावर आडवं ठेवा आणि जोरात दाबा. त्यांना दुखेल एवढं. हात काय करतो ते मला सांगा. फक्त दिसतं ते सांगा."

खोलीत पेन नव्हते. रामप्रसादने खिशातले दिले. राजनंदिनीचे हात गुंतलेले होते. रामेश्वरकडे कोणी पाहिले नाही. त्रिंबक पुढे आले, बायकोचा डावा हात त्यांनी मांडीवर घेतला. कोयत्याने घट्टे पडलेला हात. त्यांनी नखावर पेन दाबले.

"जोरात दाबा," फोनवरून आवाज आला.

"दुखंल तिला."

"दुखायलाच हवं."

त्यांनी दाबले. कोपर जरासे वाकले आणि हात त्यांच्या मांडीवरून जानकीबाईंच्या अंगाकडे सरकला.

"वडला," त्रिंबक म्हणाले. "हात वडून घेतला तिनं."

"जीव जाताना हातपाय हालतेतच," वत्सलाबाई मागून म्हणाल्या. "ही डॉक्टरीन सकाळी मरनार म्हनली, आता न्हाई म्हनती. बाहुल्या हाव का आमी?"

हे डॉ. स्वप्नाली यांना ऐकू गेले. "आजी, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सगळे ऐका. मी सकाळी म्हणाले की थांबून फरक पडणार नाही. ते मला तेव्हा सांगता येण्यासारखं नव्हतं. औषध अंगात होतं. आता ते उतरत असेल. त्या जगतील असं मी म्हणत नाही. पण मी सांगितलं तितकं ते पक्कं नव्हतं."

रामेश्वर उठला आणि त्याने रामप्रसादच्या हातातून मोबाइल घेतला.

"मॅडम, आता माझं ऐका. जगली तर कशी जगंल?"

"उजवी बाजू चालेल असं वाटत नाही. बोलता येईल की नाही, सांगू शकत नाही. गिळता येईल की नाही, तेही नाही. किंवा दोन दिवसांत इथेच जातील."

"वळखंल का?" त्रिंबक यांनी खालूनच विचारले.

"माहीत नाही, बाबा."

"आन यंत्र?" रामेश्वर म्हणाला. "मायचं यंत्र हाय का रिकामं?"

"नाही. ते दुसऱ्या पेशंटला लावलं. साप चावलाय... तो तरुण आहे. ते आता काढता येणार नाही. तुम्ही त्यांना परत आणा, मी दुसरीकडे फोन करते. मिळेपर्यंत हातानं चालवू."

रामेश्वरने मोबाइल खाली केला. "ऐकलं? यंत्र न्हाई, खात्री न्हाई, वळख न्हाई. आन चला म्हनती."

पुढचा तासभर त्या खोलीत आणि अंगणात जे बोलणे झाले, त्यात कोणी आवाज फारसा चढवला नाही. फुगा चालू होता. मधेच राजनंदिनी तो काढून पाही, श्वास येई, ती पुन्हा लावी. श्वास कधी लवकर येई, कधी इतका उशिरा की दाराशी उभी असलेली माणसे स्वतःचा श्वास धरून ठेवत.

रामेश्वर बापाला घेऊन अंगणात गेला. "आजी कशी पडून व्हती, आठवतं का? चार साल. मायनंच काढलं तिचं सगळं. माय म्हनायची, मला असं पडू देऊ नका, लोकाच्या हातानं हगायची येळ आनू नका. म्हनायची का न्हाई?"

"म्हनायची."

"मंग? फडावर जायचं सोडून तुमी बसनार का तिच्यापाशी? म्या बसनार? बायकू बसंल, तिच्या काखंत लेकरू हाय."

"म्या बसन," राजनंदिनी आतून म्हणाली. तिला सगळे ऐकू येत होते.

"तुझं सासर केजला हाय."

"तर काय झालं? केजवरून गाडी न्हाई का हिकडं येत?"

"आज म्हनतीस. दोन महिन्यांनी बघू काय म्हनतीस ते. नवऱ्याला इचारलंस का?"

तिने नवऱ्याला विचारलेले नव्हते.

वत्सलाबाईंचा मुद्दा वेगळा होता, आणि तो त्यांनी भावाला शेजारी बसून, हळू आवाजात सांगितला. "त्रिंबका, दोन्हीकडून जाशील. बीडपर्यंत गाडीत काय झालं तर? वाटंवर गेली तर आत घेता येनार न्हाई. तिच्या बहिनीवानी अंगनातूनच न्यावी लागंल. आन पंचक लागल्यालं असंल ते निराळंच. हितं राहू दे. पाच चाळीसच्या आत गेली तर सोनं झालं. न्हाई गेली तर देवाला काळजी."

"न्हाई गेली तर कशाला ठिवायची हितं?" त्रिंबक म्हणाले. "मरायची वाट बघत?"

वत्सलाबाई उठून आत गेल्या.

साडेचार वाजत आले होते. सिलिंडरचा काटा खाली येतोय, असे रामप्रसादने दोनदा येऊन सांगितले. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा त्रिंबक उंबऱ्यावर बसलेले होते. एक पाय आत, एक बाहेर.

"मामा, काय ते सांगा. मला दुसरी खेप हाय म्हनून न्हाई म्हनत. पन हवा संपली तर जानं आन न जानं सारखंच."

त्रिंबक यांनी मुलाला हाक मारली. "रामेश्वर, म्या तुझ्या मायला काय शब्द दिलता?"

"घरी मरू देईन असा."

"न्हाई. घरी आनीन असा. तिनं तेवढंच मागितलं व्हतं. आनली." ते उठले. "मरायचं का न्हाई, ते तिचं तिला ठरवू दे. हात वडून घेतला तिनं. म्या दुखवल्यावर वडला. म्या बघितलं."

"बा, तुमी..."

"यायचं तर चल. न्हाई तर वाट सोड."

जानकीबाईंना परत उचलले. उंबऱ्यापाशी आल्यावर उचलणारे क्षणभर थबकले. मरणासाठी आत आणलेले माणूस बाहेर नेताना तिरडीच लागते, आणि इथे तिरडी नव्हती. वत्सलाबाईंनी तोंड फिरवले. त्रिंबक म्हणाले, "चला," आणि ते बाहेर पडले.

रामप्रसादने गाडी चालू केली. "माझी गाडी अशा घरून रिकामीच जात असती," तो कोणाला उद्देशून नव्हे असे म्हणाला. "आज पयल्यांदा भरलेली निघाली."

रामेश्वर अंगणातच उभा होता. गाडी वळली, तशी त्याने मागचे दार ओढले आणि आत चढला. राजनंदिनी सरकली नाही. तो पायाशी बसला.

शिरूर ओलांडल्यावर तिच्या उजव्या हाताला गोळा आला. तिने हात बदलला. डाव्या हाताने फुगा पुरता दाबला जात नव्हता. रामेश्वर बघत होता.

"दे."

"नको."

"हात बघ तुझा."

"तू सोडलास तो."

"सोडला," तो म्हणाला. "म्हनूनच श्वास दिसला ना?"

दोन्ही हातांनी, फुगा पोटाशी धरून ती दाबत राहिली.

डॉ. स्वप्नाली यांचे तोपर्यंत शहरातल्या बाकीच्या दवाखान्यांत विचारून झाले होते. एका ठिकाणी यंत्र होते, पण बिघडलेले. एका ठिकाणी संध्याकाळी सांगतो म्हणाले. सरकारी दवाखान्यात फोन उचलणाऱ्याने आधी पेशंट आणा, मग बघू, असे सांगितले. त्यांनी सिस्टरला कॅज्युअल्टीत अंगदची रिकामी झालेली जागा धरून ठेवायला सांगितली आणि फुगा दाबायला दोन माणसे पाळीने लागतील असे कळवले. मग त्या वर येऊन अंगदच्या पलंगाशी उभ्या राहिल्या. त्याच्या पापण्या अजून मिटलेल्या होत्या. त्याची आई सत्यशीला उशाशी होती.

"मॅडम, हे यंत्र आता काढनार न्हाई ना?" तिने विचारले. तिला काही कळले होते की ती सहज विचारत होती, हे समजायला मार्ग नव्हता.

"नाही," डॉ. स्वप्नाली म्हणाल्या.

पाच चाळीसला पंचक लागले. गाडीत घड्याळ फक्त रामप्रसादच्या समोर होते. त्याने ते पाहिले आणि काही न बोलता पुढे पाहू लागला. त्रिंबक पुढच्या सीटवर वळून बसले होते, मधल्या काचेतून त्यांना बायकोचे पाय तेवढे दिसत होते.

थोड्या वेळाने राजनंदिनीच्या हातातून फुगा निसटला. तिने तो उचलला, दाबायला गेली आणि बोटे मिटेनात. तिने भावाकडे पाहिले. त्याने हात पुढे केलेलेच होते.

"तू श्वास घेशील तवा तिला दे," ती म्हणाली. "मोजू नको. आन बघ, सोडलास तर..."

"सरक तिकडं."

सहा वाजता डॉ. स्वप्नाली यांचा फोन आला. यंत्राचे अजून काही ठरले नव्हते. गाडी कुठे आहे, असे त्यांनी विचारले. बीडच्या अलीकडे, रामप्रसाद म्हणाला, पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आहे, वाट मिळेल तशी काढतो. श्वास चालू आहे का, असे त्यांनी विचारले. राजनंदिनीने भावाला फुगा काढायला सांगितला. त्याने काढला. सगळे छातीकडे पाहत होते. श्वास आला, पण मघापेक्षा उशिरा.

रामेश्वरने फुगा पुन्हा नळीला लावला आणि दाबला.